मारोतीच्या गोट्याचा इंग्रजी पाठ

सुधाकर मास्तरांच्या वाट्याला 'हेवी' हा शब्द आला, यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता. आदिलाबादच्या प्रशिक्षणवर्गात अठरा इंग्रजी शिक्षकांपुढे चिठ्ठ्यांचा डबा फिरला आणि ज्याने त्याने आपापलं नशीब उचललं. कोणाला 'स्वीट' आलं, कोणाला 'रेड' आलं. शेजारी बसलेल्या गुरुजींना 'राउंड' आलं, तर त्यांनी तिथल्या तिथे खिशातली सुपारी काढून दाखवली आणि मोकळे झाले. मास्तरांनी चिठ्ठी उघडली, दोनदा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली.

साल अठ्ठ्याऐंशी. संक्रांत नुकतीच झालेली. जिल्ह्याला शिक्षणखात्याचे वेंकटाचारी नावाचे नवे साहेब आले होते. बोलणं थोडं आणि नियम फार, असा गृहस्थ. त्यांचा हुकूम असा होता की प्रत्येक शिक्षकाने एक विशेषण घ्यायचं आणि पंधरा दिवसांनी त्यावर नमुना पाठ द्यायचा. अर्थ वस्तू दाखवून सांगायचा. शब्द कुठून आला ते शब्दकोशातून काढायचं. वापर मात्र विद्यार्थ्यांच्या तोंडून यायला हवा, होकारार्थीही आणि नकारार्थीही. आणि पूर्ण पाठात शिक्षकाने मराठी, तेलुगू किंवा हिंदीचा एक शब्द उच्चारायचा नाही. जो नापास होईल, त्याच्या शाळेचं इंग्रजी त्याच्याकडून काढून घेणार, शहरातून आठवड्याला तीन दिवस दुसरा माणूस पाठवणार, आणि नापासाने कवायत नि चित्रकला शिकवावी.

आता कवायत काही वाईट नाही. पण मास्तरांचा जीव टांगणीला लागला त्याचं कारण वेगळं होतं. आदिलाबादजवळ बेल्याकडे मास्तरांचं गाव. तिथे त्यांच्या वडलांना, म्हणजे डोमाजीला, जन्मभर सगळे 'डोम्या' म्हणत आले. माणिकराव पाटलाच्या रानात कापसाचे बोजे वाहून त्यांची मान आखूड झाली, पण नाव काही लांब झालं नाही. मग पोरगा शिकला, मास्तर झाला, इंग्रजी शिकवू लागला. औषधाच्या बाटलीवरचं वाचायला, बँकेचा कागद समजून घ्यायला लोक दारात येऊन उभे राहू लागले, आणि दारात उभं राहून म्हाताऱ्याला डोम्या कसं म्हणणार? हळूहळू डोमाजी झालं, मग डोमाजीबुवा झालं. हे सगळं इंग्रजीच्या जिवावर उभं होतं. कवायतीच्या मास्तरच्या बापाला गाव बुवा म्हणेल याची मास्तरांना खात्री वाटेना.

पहिली अडचण शब्दकोशाची. तो शाळेच्या कपाटात, कपाटाची किल्ली हेडमास्तरांकडे आणि हेडमास्तर पुतणीच्या लग्नाला भैंशाला. मास्तर बस बदलत भैंशाला गेले. लग्नमंडपात हेडमास्तरांनी किल्ली कमरेची काढली, हातात धरली, आणि म्हणाले, "अर्ज?" शासकीय वस्तू अर्जाशिवाय देता येत नाही म्हणे. मास्तरांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर अर्ज लिहिला. हेडमास्तरांनी जिलबीच्या हाताने सही केली. तो तेलकट अर्ज अजूनही शाळेच्या फायलीत आहे आणि आजूबाजूचे दोन कागद त्याला चिकटले आहेत.

पण कोश उघडला आणि मास्तरांच्या कष्टांचं चीज झालं. 'हेवी' हा शब्द फार जुना निघाला, आणि निघाला कुठून, तर 'उचलणे' या अर्थाच्या शब्दातून. उचलायला जोर लागतो ते हेवी. मास्तरांना ते इतकं आवडलं की त्यांनी बायकोला, ताराबाईंना, स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं.

"म्हंजे पायल्यानं नाई समजत," ते म्हणाले. "उचलल्याबिगर कोनी हेवी म्हनूच शकत नाई. मूळच तसं हाये त्याचं."

"हे इंग्रजायले आता समजलं का?" ताराबाई म्हणाल्या. "पान्याचा हंडा उचलनारीले इचारलं असतं तं तवाच सांगतलं असतं."

घरात तालीम सुरू झाली. विद्यार्थी एकच, डोमाजीबुवा. मास्तर वरवंटा पुढे ठेवत, बुवा उचलत आणि म्हणत, "हेवी." उशी ठेवली की म्हणत, "नॉट हेवी." आठ दिवसांत बुवा असे तयार झाले की ताट पुढे आलं तरी आधी भाकर हातात तोलून काय ते इंग्रजीत सांगत.

पण वरवंटा साहेबांपुढे चालेल का? हा प्रश्न मास्तरांनी ओट्यावर बसून विचारला, हीच चूक झाली. गावात सल्ल्याला तोटा नसतो. एक म्हणाला सरकीचं पोतं न्या. दुसरा म्हणाला, लोखंडी नांगर न्या. ताराबाईंनी आतूनच सांगितलं की पाट्याला हात लावाल तर चटणी साहेबाच्या घरी जाऊन खावी लागेल. तेवढ्यात बंडी हाकणारा चंपत म्हणाला, "मारोतीपुढचा गोटा न्या ना मास्तर. त्याच्याहून जड या मुलखात काय हाये?"

सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण गोष्ट खरी होती. मारोतीच्या पारावर एक काळा, गुळगुळीत, गोल गोटा आहे. धरायला कुठे बोट शिरत नाही. पोळ्याच्या दिवशी गावची पोरं तो उचलतात. त्याची रीत तीन कलमांची. एक, गोटा उघड्या भुईवर ठेवायचा नाही, घोंगडीवर ठेवायचा. दोन, गोट्याला एकटं सोडायचं नाही, गावचा माणूस जवळ पाहिजे. आणि तीन, गोटा ज्याच्यापुढे ठेवला त्याने एकदा तरी हात लावायचाच. गुडघ्यापर्यंत उचलला तर त्याच्या नावाने नारळ फोडायचा. नाही उचलला तर त्याने सगळ्यांना गूळ वाटायचा.

मास्तरांनी बापाकडे पाहिलं. "बाबा, लय जड हाये काहो तो?"

"मले काय मालूम," डोमाजीबुवा म्हणाले. "साठ पोये पायले म्या, रस्त्याच्या पल्याडून. हात नाई लावला कदी."

हात नाही लावला, म्हणजे लावू दिला नाही. ओट्यावरच्या सगळ्यांना ते माहीत होतं. म्हणून कोणी पुढे विचारलं नाही, आणि बोलणं भलत्याच घाईने माणिकरावांच्या परवानगीकडे वळलं.

माणिकरावांनी परवानगी लगेच दिली. सरकारी काम, त्यातून इंग्रजी, त्यातून गावाची इज्जत. "पन गोटा एकटा जानार नाई," ते म्हणाले. "मी येतो संगं." फक्त भगवानरावांनी खोडा घातला. हे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले कारकून, निजामाच्या वेळची उर्दू अजून तोंडात. ते म्हणाले, "मास्तर, बगैर रसीद दगड हलवू नका. गावचा दाखला घ्या, तीन नकला करा, त्यावर मोहर मारा."

"दगडाले दाखला काऊन पायजे?" मास्तर हसले.

"हसा," भगवानराव म्हणाले. "अमलदार विचारेल तवा आमची याद येईल."

पाठाच्या आदल्या दिवशी बसच्या कंडक्टरने गोट्याकडे पाहून हात जोडले. त्याच्याकडे माणसाचं तिकीट होतं, कोंबडीचं होतं, पत्र्याच्या पेटीचं होतं. गोट्याचं नव्हतं. शेवटी चंपतची बंडी कापूस घेऊन आदिलाबादच्या मार्केट यार्डात जायचीच होती. कापसाच्या मऊ गादीवर गोटा ठेवला, शेजारी घोंगडी पांघरून माणिकराव, पुढे चंपत, मागे कोश छातीशी धरून मास्तर, अशी वरात दुपारीच निघाली. रस्त्यापलीकडे डोमाजीबुवा उभे होते. त्यांनी हात वर केला.

वाटेत जंगलखात्याचा नाका लागला. शिपायाने कापसात काठी खुपसली, ती ठण्ण वाजली. झालं. गोटा खाली आला. घोंगडी होती, गावचा माणूस होता, आणि पुढे शिपाई उभा होता, म्हणजे तिसरं कलम लागू. माणिकरावांनी रीत समजावून सांगितली. शिपायाने टोपी काढून हात लावला. मग मागच्या दोन बंडीवाल्यांनी लावला. सायकलवरून जाणारा पोलीस उतरला, त्याने पट्टा सैल करून लावला. गोटा कोणालाच दाद देईना. तेव्हा धरायचा कसा हे दाखवायला वयाची पन्नाशी ओलांडलेले माणिकराव स्वतः वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. तासभर गेला, नाक्यावरच्या दुकानातला गूळ संपला.

तेव्हा मास्तरांनी निक्षून सांगितलं, "आता पाठ होयेपर्यंत गोटा खाली उतरवाचा नाई. कोनी कितीबी सांगो." मास्तरांची ही दुसरी चूक.

सकाळी नऊला यार्डात पोचले. पाठ अकराला. कापसाच्या बंड्यांची रांग होती आणि चंपतचा नंबर लागला होता. इथली पद्धत म्हणजे भरली बंडी काट्यावर चढवायची, कापूस काढायचा, मग रिकामी बंडी चढवायची. भरली बंडी चढली. वजन लिहिलं गेलं. कापूस काढता काढता हमालाचा हात थांबला आणि तो ओरडला, "शेठ, पत्थर!"

कापसात दगड घालून वजन वाढवणारे लोक जगात आहेत. पण ते दगड लपवण्याइतका घालतात. एवढा टोलेजंग गोटा, वर वाकलेला पाटील पहाऱ्याला बसवून, आजवर कोणी आणला नव्हता. कापूस घेणारे शेठ संतापले. "हम अंधे हैं क्या?" चंपत मारोतीची शपथ घेऊ लागला. यार्डाचा कारकून वही घेऊन आला, पंचनामा लिहू लागला, आणि गोटा घोंगडीवर उतरवून जप्त झाला.

"हा शैक्षनिक साहित्य हाये," मास्तर म्हणाले.

"दाखला?" कारकून म्हणाला. "नाही तर तुमच्या साहेबांची लेखी सही आणा."

मास्तरांना भगवानरावांची याद आली. यायला नको होती तेव्हाच आली.

दुसऱ्या कलमाप्रमाणे माणिकराव गोट्याजवळ बसले आणि मास्तर प्रशिक्षणवर्गाकडे धावत सुटले. तिथे वेंकटाचारी साहेब सकाळपासून पाच पाठ ऐकून गळून गेले होते. 'राउंड'वाल्यांची सुपारी बाकाखाली गडगडली होती आणि सगळा वर्ग ती शोधत होता. मास्तर दारात येऊन उभे राहिले. अंगभर कापूस, छातीशी कोश. मातृभाषा वापरायची बंदी त्यांच्या डोक्यात पक्की होती. त्यांनी श्वास घेतला आणि एका दमात इंग्रजीत सांगितलं, "सर, माय टीचिंग एड इज अरेस्टेड."

तीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी हे वाक्य ऐकलं नव्हतं. ते उठले. जीप निघाली, मागून सतरा शिक्षक पायी निघाले.

यार्डात साहेबांनी गोटा पाहिला, कारकून पाहिला, पंचनामा वाचला. सही मात्र केली नाही. ते इंग्रजीत म्हणाले की हा दगड पाठासाठी आहे हे पाठ झाल्यावरच सिद्ध होईल. पाठ इथेच घ्या. आत्ता. आणि घड्याळ पाहून कापसाच्या गाठीवर बसले.

 समोर हमाल, बंडीवाले, शेठ, कारकून आणि सतरा शिक्षक. पंधरा दिवस पाठ केलेली वाक्यं एकेक करून निघून गेली. मास्तर म्हणाले, "धिस इज अ स्टोन."

"वो तो हमको भी दिख रहा है," शेठ म्हणाले. लोक हसले. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मास्तरांना शिट्टी गळ्यात अडकवून पोरांकडून उठाबशा काढून घेणारा स्वतःचा चेहरा दिसला, आणि घरी जाऊन बापाला काय सांगायचं या विचाराने त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात वाकलेले माणिकराव काठी टेकत पुढे आले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मास्तर अडले आहेत हेही त्यांना कळलं नव्हतं. त्यांना फक्त एवढंच कळलं की गोटा घोंगडीवर ठेवला आहे आणि शंभर माणसं हात बांधून उभी आहेत.

"अशी उभी काऊन राह्यले बाप्पा?" ते म्हणाले. "गोटा पुढं हाये. रीत हाये. हात लावा एकेकानं."

हमाल तर उचलणारी जात. पहिला पुढे झाला. बोटं घसरली, मानेच्या शिरा फुगल्या, गोटा हलला नाही. मास्तरांना एकदम कोशातलं पान आठवलं. उचलल्याशिवाय कोणी हेवी म्हणूच शकत नाही. आणि इथे तर लोक उचलायला लागले होते. त्यांनी दोन्ही हात खाली नेऊन वर आणले आणि विचारलं, "इज इट हेवी?"

"चाला बरुवु सारू," हमाल तेलुगूत म्हणाला.

"व्हेरी हेवी," मास्तर म्हणाले.

"व्हेरी हेवी," हमाल म्हणाला आणि घाम पुसला.

मग रांग लागली. प्रत्येकजण वाकायचा, कुंथायचा, आणि मास्तरांनी विचारायच्या आत सांगायचा, हेवी. सहाव्या माणसापासून मागचे लोकच विचारू लागले, "इज इट हेवी?" आणि पुढचा म्हणायचा, "यस, यस, व्हेरी हेवी." एक हमाल शेठकडे बोट दाखवून म्हणाला, "शेठ हेवी," त्यावर यार्ड इतकं हसलं की बैल बिचकले. मल्लेश नावाच्या पहिलवान हमालाने गोटा कमरेपर्यंत उचलला. तो नॉट हेवी म्हणेल म्हणून मास्तर आशेने पाहत होते. पण मल्लेश प्रामाणिक होता. गोटा खाली ठेवून, दम घेऊन तो म्हणाला, "हेवी."

शेठ हात लावेनात. माणिकरावांनी त्यांना सांगितलं की नाही लावला तरी गूळ वाटावाच लागतो, मग लावून वाटलेला काय वाईट? शेठने लावला आणि कंबर धरून जे म्हणायचं ते शुद्ध इंग्रजीत म्हणाले. कारकुनाने लावला. सतरा शिक्षकांनी लावला.

साहेब उठले. त्यांनी विचारलं, शब्दाचा उगम? मास्तरांनी इंग्रजीत सांगितलं की हा शब्द जुन्या 'उचलणे'मधून जन्मला, आणि इथे जमलेल्यांना तो कोश न पाहताच समजला आहे.  साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला, बाह्या दुमडल्या आणि गोट्यापुढे वाकले.  साहेब सरळ झाले तेव्हा त्यांचं कपाळ लाल झालं होतं. कोणी विचारायची गरज पडली नाही. इंग्रजी मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही. खिशातून पैसे काढून आपल्या शिपायाला तेलुगूत म्हणाले, "बेल्लम," म्हणजे गूळ आण.

पंचनाम्यावर सही झाली. बंडी पुन्हा तोलली गेली, शेठने चंपतच्या पाठीवर थाप मारली. आणि साहेबांनी मास्तरांच्या वहीत शेरा लिहिला. पाठ उत्कृष्ट. इंग्रजी याच शिक्षकाकडे राहील, आणि पुढल्या वर्गात हाच पाठ त्यांनी बाकीच्यांना शिकवावा. मास्तरांनी तो शेरा तीनदा वाचला. पण नियम तो नियम. खाली एक ओळ होती: नकारार्थी वाक्य एकाही विद्यार्थ्याकडून आलं नाही, सबब पंचवीसपैकी चोवीस गुण.

दुसऱ्या दिवशी बंडी गावात शिरली तेव्हा बातमी बसने आधीच पोचली होती. डफडं वाजत होतं. भगवानराव रस्त्यातच "रसीद, रसीद" म्हणत मास्तरांच्या गळ्यात पडले. पोरांनी गोटा बंडीतून काढून पारापुढे घोंगडीवर ठेवला. माणिकराव सवयीने सगळ्यांकडे वळले. दोन दिवस त्यांनी तेच केलं होतं, तोंडाला ते बसून गेलं होतं. "गोटा पुढं हाये," ते म्हणाले. "रीत हाये. ज्याच्या पुढं ठेवला त्यानं..."

आणि त्यांची नजर रस्त्यापलीकडे गेली. डोमाजीबुवा नेहमीच्या जागी उभे होते. माणिकराव थांबले. दोन दिवसांत त्यांनी नाक्याच्या शिपायाला हात लावायला लावला होता, अनोळखी हमालांना, शेठला, जिल्ह्याच्या साहेबाला. त्यांना लाज वाटली आणि ती सगळ्यांनी पाहिली. वाकलेल्या कमरेने ते रस्ता ओलांडून गेले.

"डोमाजीबुवा, या," ते म्हणाले. "आमीच रीत मोडली आजवर."

बुवा आले. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. धोतर खोचलं, गोट्याभोवती दोन्ही हात असे घातले जसे बोज्याभोवती घालतात, छातीशी ओढला, आणि उभे राहिले. गोटा गुडघ्याच्या वर होता.  म्हाताऱ्याचे पाय थरथरत होते, पण चेहरा शांत होता. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, तालमीत पाहायचे तसं.

मास्तरांनी कसंबसं विचारलं, "इज इट हेवी?"

"नॉट हेवी," डोमाजीबुवा म्हणाले.

माणिकरावांनी नारळ फोडला. मास्तर सगळ्यांसमोर रडले आणि त्याची त्यांना मुळीच लाज वाटली नाही. संध्याकाळी त्यांनी साहेबांना पोस्टकार्ड टाकलं. त्यात लिहिलं की नकारार्थी वाक्य मिळालं आहे, शंभर साक्षीदार आहेत, भगवानरावांनी तीन नकलांवर मोहर मारली आहे, तरी राहिलेला एक गुण परत द्यावा ही विनंती.